खुनाच्या आधीचा गुन्हा : खैरलांजी ते मस्साजोग

६ डिसेंबर २०२४. महापरिनिर्वाण दिन. महाराष्ट्रातले लाखो लोक दादरच्या चैत्यभूमीवर होते. त्याच दिवशी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, मस्साजोगजवळच्या अवादा या पवनऊर्जा कंपनीच्या आवारात एका दलित वॉचमनला मारहाण आणि शिवीगाळ झाली. गावचे सरपंच संतोष देशमुख गावकऱ्यांसह तिथे गेले आणि मारणाऱ्यांना त्यांनी अडवले. तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, देशमुखांचे अपहरण झाले आणि हाल करून त्यांचा खून करण्यात आला.

पुढचे सगळ्यांना पाठ आहे. विधानसभेत गदारोळ, एसआयटी, सीआयडी, ३१ डिसेंबरला वाल्मीक कराड पुण्यात सीआयडीला शरण, जानेवारीत मकोका, फेब्रुवारी अखेरीस दोषारोपपत्र, मार्चच्या सुरुवातीला छळाची छायाचित्रे बाहेर आली आणि ४ मार्च २०२५ रोजी धनंजय मुंडे यांचा मंत्रिपदाचा राजीनामा. दोन कोटींची खंडणी मागितली गेली, सरपंच त्यात आडवे आले म्हणून त्यांचा खून झाला, ही सरकारी पक्षाची मांडणी आहे. ती न्यायालयात सिद्ध व्हायची आहे. आरोपींच्या दोषाचा निकाल बीडचे विशेष न्यायालय देईल, तो आपण द्यायचा नाही.

या लेखाचा विषय तो निकाल नाही. विषय आहे ६ डिसेंबर. ९ डिसेंबरची चर्चा घराघरात झाली, ६ डिसेंबरची फारशी झाली नाही. मराठा विरुद्ध वंजारी असे चित्र चॅनेलवाल्यांनी रंगवले आणि त्या चित्रात वॉचमनला जागाच उरली नाही. पण या सगळ्या प्रकरणातला पहिला नोंद होण्याजोगा गुन्हा त्याच्यावरच झालेला होता. त्या दिवशी पोलिसांनी प्रकरण किरकोळ मारहाणीवर निभावून नेले, ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे वेळेवर लावली नाहीत, आरोपी मोकळे राहिले, असा आक्षेप खुनानंतर सभागृहात आणि सभागृहाबाहेर घेतला गेला. पुढे पोलिस अधिकाऱ्यावर निलंबनाची कारवाई झाली आणि मारहाण, खंडणी व खून हे गुन्हे तपासात एकत्र जोडले गेले. म्हणजे ६ तारखेच्या प्रकरणाचे गांभीर्य व्यवस्थेला पटले, पण त्यासाठी मधे एक माणूस मरावा लागला.

माझे म्हणणे असे आहे की हा योगायोग नाही, ही पद्धत आहे. आपल्याकडच्या गाजलेल्या खून खटल्यांचा इतिहास काढून बघा. खुनाच्या आधी बहुतेक वेळा एक लहान गुन्हा सापडतो. शिवीगाळ, मारहाण, धमकी, बांधाची भांडणे. त्याची फिर्याद दलित माणूस घेऊन जातो आणि ठाण्यात ती किरकोळ ठरते. आपण चळवळीचे लोक मात्र खुनानंतर जागे होतो आणि निकालाच्या दिवशी फाशी मागतो. लढाई ज्या दिवशी हरतो, त्या दिवशी आपण ठाण्यात नसतो.

३ सप्टेंबर २००६

खैरलांजीचे नाव घेतले की २९ सप्टेंबर २००६ आठवतो. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले हे गाव. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर या चौघांना जमावाने ठार केले. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. २० जानेवारी २०१७ रोजी ते गेले, तोपर्यंत ते कोर्टाच्या पायऱ्या आणि मोर्चांच्या व्यासपीठांवरच दिसत राहिले.

पण खैरलांजीची तारीख खरे तर ३ सप्टेंबर आहे. त्या दिवशी भोतमांगे कुटुंबाला आधार देणारे सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. भोतमांगेंच्या शेतातून रस्ता काढण्याचा वाद आधीपासून होता आणि गजभिये त्यांच्या बाजूने उभे राहत होते. मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाताई आणि प्रियंका साक्षीदार म्हणून पुढे आल्या. मारणारे कोण, हे त्यांनी सांगितले. २९ सप्टेंबरला त्या प्रकरणातल्या आरोपींना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. सुटून ते गावात परतले आणि संध्याकाळी भोतमांगेंच्या घरावर जमाव चालून गेला.

हा क्रम नीट समजून घ्या. त्या मायलेकींचा गुन्हा एकच होता, त्यांनी साक्ष दिली होती. कायद्याला जे नागरिकाचे कर्तव्य वाटते, तेच त्यांच्या जिवावर उठले. गजभिये यांना झालेली मारहाण सुरुवातीपासून अनुसूचित जातीच्या माणसावरचा अत्याचार म्हणून हाताळली गेली असती, तर तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला असता, आरोपींना विशेष न्यायालयापुढे उभे राहावे लागले असते आणि साक्षीदारांना धोका आहे, हे कुणीतरी कागदावर लिहिले असते. किरकोळ कलमांच्या प्रकरणात यातले काहीच घडत नाही. सकाळी अटक, दुपारी जामीन, संध्याकाळी गाव.

मस्साजोगशी ताडून पाहा. अठरा वर्षांचे अंतर आहे, विदर्भ आणि मराठवाड्याचे अंतर आहे, मेलेल्यांची जात वेगळी आहे. तरी क्रम तोच. आधी दलित माणसाला मारहाण, मग त्याच्या बाजूने उभा राहणारा डोळ्यांवर येतो, ठाण्यात प्रकरण हलके होते आणि मग खून. संतोष देशमुख मराठा समाजाचे होते. दलित वॉचमनला मारतात म्हटल्यावर ते घरात बसून राहिले नाहीत, ही गोष्ट आंबेडकरी कार्यकर्त्यांनी मोठ्या आवाजात सांगायला हवी. त्यांच्या मारेकऱ्यांना शिक्षा व्हावी ही मागणी आपलीही आहे, आणि ती करताना वॉचमनचा गुन्हा खुनाच्या सावलीत हरवू नये, हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.

केज तालुक्याची आणखी एक रात्र

मस्साजोग ज्या केज तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात मांगवडगाव आहे. १३ मे २०२०, लॉकडाऊनचा काळ. रात्री एका पारधी कुटुंबावर जमावाने हल्ला केला आणि एकाच घरातले तिघे मारले गेले. वाद जमिनीचा होता आणि तो एका रात्रीत उपजलेला नव्हता, कित्येक वर्षांचा होता.

त्या वेळी या तिहेरी हत्याकांडावर किती चॅनेलांनी रात्रीच्या चर्चा लावल्या? किती मंत्र्यांचे राजीनामे मागितले गेले? पारध्याला गुन्हेगार समजण्याची सवय इतकी जुनी आहे की तो फिर्यादी म्हणून ठाण्यात गेला, तरी आधी त्याच्याकडेच संशयाने पाहिले जाते. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, कपाळावरचा शिक्का गेला नाही. वर्षानुवर्षे चाललेल्या जमिनीच्या वादात एका बाजूला भटक्या-आदिवासी कुटुंब असेल, तर तो दिवाणी वाद म्हणून फाइलीत पडून राहू द्यायचा नसतो. जमिनीवरून बेदखल करणे, तिच्या वापरात अडथळा आणणे हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हाच आहे. त्याची दखल त्या त्या वेळी घेणे, म्हणजेच पुढचा खून टाळणे.

महाडचा दुसरा धडा

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे आपण दरवर्षी साजरे करतो. त्यानंतर काय झाले, ते कमी सांगितले जाते. पाणी प्यायल्यानंतर सवर्णांच्या टोळक्यांनी परिषदेहून परतणाऱ्या माणसांवर हल्ले केले, जेवणाच्या मंडपात घुसून मारहाण केली. आपली माणसे संख्येने थोडी नव्हती, त्यांच्यात फौजेत नोकरी केलेलेही होते. बाबासाहेबांनी त्यांना उलट हल्ला करू दिला नाही. त्यांनी प्रकरण कायद्याच्या वाटेने नेले. हल्लेखोरांवर खटला उभा राहिला आणि जून १९२७ मध्ये पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

आज चार महिने ऐकून कुणी हसेल. पण त्या काळात अस्पृश्याला मारले म्हणून सवर्णाला तुरुंगात जावे लागणे, ही केवढी मोठी गोष्ट होती! बाबासाहेबांनी त्यावर नोंदवलेले निरीक्षण आणखी महत्त्वाचे आहे. जिल्ह्यातले मुख्य अधिकारी हिंदू असते, तर हा न्याय मिळाला नसता, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा पुस्तकात काय लिहिलाय यापेक्षा तो राबवणारा हात कुणाचा आहे, हा प्रश्न त्यांनी १९२७ सालीच उभा केला होता.

पुढे मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० मध्ये अहवाल आला. गावातला अस्पृश्य आपला हक्क का बजावत नाही, याचे उत्तर त्यात आहे. तो पोटासाठी गावावर अवलंबून आहे, आणि हक्क बजावला की गाव बहिष्कार घालते. काम बंद, दुकान बंद, वाट बंद. गोलमेज परिषदेपासून १९४७ च्या राज्य आणि अल्पसंख्याक या निवेदनापर्यंत बाबासाहेब बहिष्काराला गुन्हा ठरवा, ही मागणी करत राहिले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ मध्ये.

हे जुने संदर्भ कशासाठी? कारण कोर्टात साक्षीदार फितूर का होतो, याचे उत्तर १९३० च्या त्या अहवालातच आहे.

सहा दिवसांचे अंतर

खर्डा हे गाव नगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातले, बीडच्या हद्दीला लागून. २८ एप्रिल २०१४ रोजी तिथला नितीन आगे हा सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी मारला गेला. सवर्ण मुलीशी बोलतो, या संशयावरून त्याला शाळेतून ओढत नेल्याचा आणि मारून झाडाला लटकवल्याचा आरोप होता. दिवसाढवळ्या, शाळेच्या आवारातून. पाहणारे कमी नव्हते. साडेतीन वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१७ रोजी, अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडले. शिक्षकांसह कित्येक साक्षीदार कोर्टात फिरले होते.

बरोबर सहा दिवसांनी, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी, त्याच अहमदनगरात कोपर्डी खटल्याचा निकाल लागला. १३ जुलै २०१६ च्या त्या अमानुष गुन्ह्यात तिघांना फाशी सुनावली गेली. सोळा महिन्यांत निकाल.

कोपर्डीच्या मुलीला न्याय मिळायलाच हवा होता. त्याबद्दल ज्याच्या मनात किंतु आहे, त्याने स्वतःला आंबेडकरवादी म्हणवून घेऊ नये. तिचे मारेकरी दलित होते म्हणून आपण एक शब्दही कमी बोलता कामा नये. प्रश्न वेगळा आहे. एकाच जिल्ह्यात, एकाच न्यायव्यवस्थेत एक खटला सोळा महिन्यांत शिक्षेपर्यंत जातो आणि दुसरा साडेतीन वर्षांनी रिकाम्या हाताने परततो. न्यायाधीश जातीयवादी होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण न्यायाधीशासमोर जे आले, त्यावरच तो निकाल देतो. एका खटल्यात साक्षीदारांच्या मागे गाव, समाज, सरकार आणि नामांकित विशेष सरकारी वकील उभे होते. दुसऱ्यात साक्षीदाराला साक्ष देऊन त्याच गावात, आरोपींच्या शेजारी राहायचे होते.

गुजरातमधल्या बेस्ट बेकरी प्रकरणातही साक्षीदार फिरले आणि आरोपी सुटले. तेव्हा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पुन्हा चालवण्याचा आणि तोही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला. साक्षीदार भीतीने फिरला असेल, तर त्याला सत्याची परीक्षा म्हणता येत नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आले. ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने देशभर कायद्याचे बळ दिले. जिल्हा स्तरावर अर्ज करता येतो. किती प्रकरणांत आपल्यापैकी कुणी तो अर्ज भरून दिला आहे?

जात सिद्ध होत नाही ती का?

खैरलांजीकडे परत येऊ. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. फाशीची बातमी आली तेव्हा आपल्या वस्त्यांत समाधान होते. पण त्याच निकालात एक गोष्ट घडली होती. ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला नव्हता. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा दिली आणि जातीय अत्याचाराचा मुद्दा तिथेही टिकला नाही. जुन्या साक्षीचा सूड, असे त्या हत्याकांडाचे रूप कायद्याच्या दफ्तरी राहिले. अख्ख्या जगाला जी जात दिसली, ती कोर्टाच्या कागदावर दिसली नाही.

कारण दोन. पहिले, तपास. पहिल्या शवविच्छेदनावर आक्षेप आले, मृतदेह पुन्हा तपासावे लागले, नंतर सीबीआय आली. जातीचा हेतू दाखवणारे जबाब पहिल्या दिवसापासून घ्यायचे असतात, महिन्यांनी ते गोळा होत नाहीत. दुसरे, कायद्याचे शब्द. तेव्हाच्या कलम ३(२)(५) नुसार पीडित अनुसूचित जातीचा आहे या कारणावरून गुन्हा केला, हे सिद्ध करावे लागे. आरोपीचा वकील म्हणायचा, भांडण रस्त्याचे होते, साक्षीचे होते, जातीचा काय संबंध? जणू गावात रस्ता, जमीन, साक्ष या गोष्टी जातीबाहेर असतात.

२०१५ च्या दुरुस्तीने हे शब्द बदलले. २६ जानेवारी २०१६ पासून पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे माहीत असताना गुन्हा केला, एवढे पुरेसे झाले. शिवाय कलम ८ मध्ये एक गृहीतक आले. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय धरून चालेल आणि तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. गावात कोण कुणाची जात ओळखत नाही? २०२१ मध्ये पाटण जमाल वली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की जात हे एकमेव कारण असण्याची गरज नाही, इतर कारणांसोबत जात असू शकते. ही दुरुस्ती खैरलांजीच्या रक्तातून आली आहे, असे मी मानतो. पण ती वापरायची तर आरोपी फिर्यादीला ओळखत होता, हे वाक्य पहिल्या फिर्यादीत यायला हवे.

हा कायदा कितीदा मोडायचा प्रयत्न झाला, तेही तरुणांनी लक्षात ठेवावे. नामांतराच्या काळात मराठवाडा जळत होता. ४ ऑगस्ट १९७८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. १९९५ मध्ये युती सरकार आले आणि मराठवाड्यातली ॲट्रॉसिटीची ११०० हून अधिक प्रकरणे खोटी म्हणून मागे घेतली गेली. कोर्टाने खोटी ठरवली नव्हती, सरकारने ठरवली. २० मार्च २०१८ रोजी, महाडच्याच तारखेला, सुभाष काशिनाथ महाजन निकालात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याआधी चौकशीची अट घातली. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये माणसे मेली. त्यानंतर संसदेने कलम १८-अ आणले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ते वैध ठरवले. आज ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. तरी ठाण्यात काय ऐकू येते? आधी चौकशी करतो, मग बघू.

परभणी : उलट्या बाजूने तेच

मस्साजोगच्या त्याच आठवड्यात शेजारच्या परभणीत काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर पोलिसांनी धरपकड केली. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी त्यात होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांचा उल्लेख होता. तरी पोलिसांवर गुन्हा नोंदत नव्हता. त्याच्या आईने उच्च न्यायालय गाठले, बाळासाहेब आंबेडकर स्वतः वकील म्हणून उभे राहिले, आणि ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला तिथेही त्याला नकार मिळाला.

एका आईला साडेसात महिने फक्त एवढ्यासाठी लढावे लागले की तिच्या मुलाच्या मृत्यूची फिर्याद नोंदवली जावी. शिक्षा दूर, खटला दूर, नुसती नोंद. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच नोंद करणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्येच सांगितले होते. नोंद हीच पहिली शिक्षा आहे, हे व्यवस्थेला आपल्यापेक्षा चांगले कळते. म्हणूनच ती नोंदीपाशी एवढी अडते.

मग आपण करायचे काय?

फाशीची मागणी मला समजते. संताप खरा आहे. पण फाशी मागून आपण व्यवस्थेला सोपी पळवाट देतो. एका खटल्यात मोठी शिक्षा झाली की शंभर प्रकरणांतल्या न झालेल्या नोंदी झाकल्या जातात. शिक्षा किती कठोर, यापेक्षा ती किती खात्रीने होते, हे गावातल्या गुंडाला जास्त कळते. पहिल्या शिवीला, पहिल्या काठीला नोंद होते हे त्याने एकदा पाहिले, तर पुढची काठी उचलताना तो विचार करेल.

मी समाजकार्यात आहे, ठाण्याच्या बाकावर फिर्यादीसोबत बसण्याचे काम वारंवार येते. रात्री साहेब नाहीत, उद्या या, आपसात मिटवा, एन.सी. करून देतो, ही वाक्ये आता सगळ्यांना पाठ झाली आहेत. त्यावरून प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांसाठी काही गोष्टी सांगतो.

एक. फिर्याद देताना एकटे पाठवू नका. फिर्यादीत आरोपी आपल्याला ओळखतो, आपली जात त्याला ठाऊक आहे, नेमके कोणते शब्द कुठे आणि कुणासमोर उच्चारले, हे लिहून घ्या. वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. प्रत मोफत मिळते, ती हातात घेऊनच बाहेर पडा.

दोन. एन.सी. म्हणजे अदखलपात्र. ॲट्रॉसिटीचा गुन्हा अदखलपात्र नसतो. नोंद नाकारली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलिस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही नाही झाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी ॲट्रॉसिटी कायद्यात कलम ४ आहे. त्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, म्हणून तक्रार लेखीच हवी.

तीन. कलम १५-अ पाठ करा. जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळालीच पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात हे बंधनकारक असल्याचे सांगितले. खैरलांजीत सकाळी अटक आणि त्याच दिवशी जामीन झाला, तेव्हा हे कलम नव्हते. आज आहे. वापरले नाही तर असून नसल्यासारखे.

चार. साक्षीदारांचे जबाब लवकरात लवकर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेण्याची मागणी करा. धमकी आली की त्याच दिवशी लेखी कळवा आणि संरक्षणाचा अर्ज द्या. बहिष्कार पडला तर त्याची वेगळी फिर्याद करा. साक्षीदाराच्या घरी मजुरी थांबली तर वस्तीने त्याचा किराणा भरावा. हे मोर्चापेक्षा अवघड आहे, पण याचाच उपयोग होतो.

पाच. १९९५ च्या नियमांत पीडिताच्या इच्छेनुसार नामांकित ज्येष्ठ वकील नेमण्याची तरतूद नियम ४(५) मध्ये आहे. त्यासाठी मंत्रालयासमोर उपोषण करायची गरज नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. नियम १७ ची जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समिती तीन महिन्यांतून एकदा बसली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात ती शेवटची कधी बसली, कोणती प्रकरणे तिच्यासमोर आली, माहिती अधिकारात विचारा. उत्तर आले नाही तर तेच आंदोलनाचे कारण आहे.

मस्साजोगचा खटला चालेल, निकाल लागेल, अपिले होतील. त्यावर पुष्कळ लिहिले जाईल. त्या सगळ्यात एक गोष्ट आपण विचारत राहायची, ६ डिसेंबरच्या मारहाणीचे काय झाले? वॉचमनच्या फिर्यादीत कोणती कलमे लागली, कोणत्या दिवशी लागली आणि उशीर कुणी केला? खुनाचा तपास सीआयडी करेल. पण पुढचा खून थांबवायचा असेल, तर आज आपल्या तालुक्याच्या ठाण्यात पडून असलेल्या एन.सी. आपल्यालाच शोधायला लागतील. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने किमान एका ठाण्यातली अशी प्रकरणे फिर्यादींना भेटून तपासावीत आणि अधीक्षकांकडे लेखी द्यावीत. महाडला बाबासाहेबांनी काठी उचलू दिली नाही, पण फिर्यादही सोडली नाही. तेवढे आपल्याला जमलेच पाहिजे.

जय भीम. जय संविधान.